एका वेळी एकच कागद!

मागच्या महिन्यात घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापताना मुख्याध्यापकांच्या खोलीतला प्रिंटर अडून बसला होता, आठवते ना? त्याने दोन कागद एकदम गिळले. एकावर प्रश्न छापले गेले, दुसरा कोराच बाहेर आला, आणि तिसरा आत चुरगळून बसला. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, एवढं हुशार यंत्र, आणि त्याला एक कागद उचलता येत नाही?"

प्रश्न साधा वाटला तरी तो साधा नाही. मी म्हटले, "उत्तर भित्तिपत्रकात देतो." तेच हे उत्तर. जरा लांब आहे, पण उभ्या उभ्या वाचून होईल.

आधी एक करून पहा. वहीचे दहा-वीस सुटे कागद घ्या. ते टेबलावर ठोकून नीट एकसारखे करा. आता वरचा फक्त एक कागद पटकन उचला. बघा, दोन येतात की नाही! मग तुम्ही काय करता? बोट ओले करता, कोपरा चोळता, नाहीतर फुंकर मारता. हे तीन उपाय लक्षात ठेवा. पुढे यंत्रही हेच करताना दिसेल.

हा विषय माझ्या घरचा आहे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, तालुक्याच्या गावी एका छापखान्यात कामाला होते. तिथे ट्रेडल मशीन होते. ट्रेडल म्हणजे उघडझाप करणारा लोखंडी जबडाच समजा. एका बाजूला शिशाच्या खिळ्यांचा घट्ट बांधलेला मजकूर, दुसऱ्या बाजूला कागद ठेवायची सपाट पाटी. जबडा उघडला की उजव्या हाताने कोरा कागद आत लावायचा आणि डाव्या हाताने छापलेला काढायचा. जबडा मिटला की कागद छापला गेला. तासाला हजारभर कागद होत. म्हणजे एका कागदाला साडेतीन सेकंद! दिवसभरात सात-आठ हजार वेळा हात त्या जबड्यात जायचा आणि यायचा.

१९७९ सालच्या लग्नसराईत रात्री पत्रिका छापायचे काम चालले होते. एक कार्ड तिरके बसले. ते सरळ करायला आबांचा हात सवयीने पुन्हा आत गेला. जबडा काही थांबला नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. मी तेव्हा पहिलीत होतो. पुढे आबा त्याच छापखान्यात कागद मोजायला बसत. उरलेल्या बोटांनी ते रिम अशी फुलवत, की पत्त्यांचा पिसारा वाटावा. मी विचारले, "आबा, हे कशाला करता?" तर म्हणत, "आरं, कागद उचलाय काय, कुनीबी उचलंल. त्यातला एकच उचलनं अवघड. आत वारं जाऊ दे, मग सुटतोय."

आबा चौथी शिकलेले. पण कागद भरवण्याच्या यंत्राचे सगळे शास्त्र त्यांच्या या बोलण्यात आहे.

कागद एकमेकांना का चिकटतात?

कारणे बरीच आहेत. दोन गुळगुळीत कागद एकमेकांवर दाबून बसले, की मधली हवा निघून जाते. मग एकदम ओढले तर बाहेरची हवा लगेच आत शिरत नाही आणि दोन्ही कागद बरोबर येतात. रिम कापताना कडा एकमेकींत किंचित गुंततात. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो, त्याला लाटा येतात, तो जड होतो. उलट कोरड्या हवेत कागदांच्या घर्षणाने वीज तयार होते. फुगा केसांवर घासला की भिंतीला चिकटतो ना, तसाच कागद कागदाला चिकटतो.

म्हणजे उचलणे हे खरे काम नाहीच. सोडवणे हे काम. ते करायच्या यंत्राच्या दोन रीती आहेत : एक चोळण्याची, दुसरी वाऱ्याची.

पहिली रीत : रबरी रूळ

आपल्या शाळेचा प्रिंटर आणि बाजारातले झेरॉक्स यंत्र ही रीत वापरतात. पूर्वी शाळांतून प्रश्नपत्रिका काढत ते सायक्लोस्टाइल यंत्रही रबरी रुळांनीच कागद ओढायचे. कागदांच्या गठ्ठ्यावर रबरी रूळ टेकतो आणि फिरतो. रबर कागदाला चांगले धरते, कागद कागदाला तेवढे धरत नाही. म्हणून वरचा कागद रुळाबरोबर पुढे जातो. तुमचे ओले बोट तेच करते.

पण दुसरा कागद मागोमाग आला तर? त्यासाठी रुळाखाली रबराची किंवा बुचाच्या लाकडासारखी खरखरीत पट्टी बसवलेली असते. दोन कागद आले, तर वरच्याला रूळ ओढतो आणि खालच्याला पट्टी अडवते. दाराशी उभे राहून "एकेक जण या रे" म्हणणारा वर्गनायकच म्हणा ना!

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. कागदाची भुकटी बसून आणि झिजून रूळ गुळगुळीत होतो. पट्टीही झिजते. मग रूळ वरच्याला नीट धरत नाही आणि पट्टी खालच्याला अडवत नाही. त्यातून पावसाळी दमट कागद! प्रिंटर बिचारा काय करील? त्या दिवशी आपण प्रिंटर बंद करून रूळ ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला, कागद फुलवून पुन्हा ठेवले, आणि तो चालू लागला.

ही रीत स्वस्त आणि सुटसुटीत आहे. पण मोठ्या छापखान्याला ती पुरत नाही. एका बाजूने छापलेल्या कागदावर शाई ओली असेल, तर रबर ती फासते. पातळ कागद चुरगळतो. आणि मोठा ताव फार वेगात असा ओढता येत नाही.

दुसरी रीत : फुंकर आणि चूषण

इथे यंत्र आपल्यासारखे तोंड वापरते. लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. तो एकदा हवा आत घेतो, एकदा बाहेर सोडतो. छापखान्यात फिरता पंप असतो. तो एका नळीने हवा ओढतो आणि दुसरीने जोरात सोडतो. ओढणाऱ्या नळीच्या टोकाला रबरी वाटी असलेले चूषक असतात, आणि सोडणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक भोके.

चूषक कागदाला "ओढतो" असे आपण म्हणतो, पण खरे तसे नाही बरं का! आपल्या भोवतीची हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाएवढा दाब देत असते. चूषकाच्या आतली हवा कमी झाली, की खालची हवा कागदाला वर ढकलते. आता हिशेब करा. ४५ गुणिले ५८ सेंटिमीटरचा, ६० ग्रॅमी कागदाचा ताव फक्त १६ ग्रॅम भरतो. एक चौरस सेंटिमीटरच्या चूषकातला दाब दहाव्या हिश्श्याने जरी कमी केला, तरी शंभर ग्रॅम उचलण्याची ताकद मिळते! म्हणजे उचलायला जोर भरपूर आहे. अवघड काय, ते आबांनी सांगितलेच आहे.

म्हणून यंत्र कागदाला एकदम हात घालत नाही. ते असे करते :

१. आधी गठ्ठ्याच्या मागून फुंकर येते. वरच्या काही तावांत वारा शिरतो आणि ते तरंगू लागतात. हेच आबांचे "वारं जाऊ दे".

२. मागचे चूषक खाली येतात आणि सर्वांत वरच्या तावाची मागची कड धरून उचलतात. कडेला बारीक ब्रश किंवा पातळ पट्ट्या असतात. चुकून दुसरा ताव बरोबर आलाच, तर तो त्यांना अडकून खाली पडतो.

३. लगेच एक लोखंडी पाय पुढे येऊन उरलेल्या गठ्ठ्यावर पाऊल ठेवतो, म्हणजे खालचे ताव हलत नाहीत. त्याच पायातून उचललेल्या तावाखाली वारा सुटतो. ताव अलगद हवेवर तरंगतो, जणू ओट्यावर झटकलेली चादर. गठ्ठा किती खाली गेला हेही हा पाय सांगतो, आणि तेवढा गठ्ठा यंत्र आपोआप वर उचलते.

४. पुढचे चूषक ताव धरून रुळांकडे देतात. मागचे चूषक त्याला सोडतात.

५. उतरत्या फळीवर फिरत्या फितींवरून ताव पुढे जातो. फळीच्या टोकाला तो थांबवून सरळ केला जातो, बाजूने नेमका जागेवर सरकवला जातो, आणि मग यंत्राच्या चिमट्यांच्या हाती जातो. रंगीत चित्रासाठी एकाच तावावर चार रंग एकावर एक छापावे लागतात. ताव अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी चित्रातल्या पोपटाची चोच एकीकडे आणि लाल रंग दुसरीकडे!

फळीवर ताव सुटे सुटे जात नाहीत. मागच्याचे तोंड पुढच्याच्या शेपटीखाली घालून, कौलांसारखे एकमेकांवर चढून जातात. याचा फायदा मोठा आहे. ५८ सेंटिमीटरचे ताव एकामागे एक सुटे पाठवले, तर दर खेपेला निदान ५८ सेंटिमीटर पळावे लागेल. चढवून पाठवले, तर वीसेक सेंटिमीटर सरकले की पुरे. ताव हळू येतो, म्हणून टोकाला धडकून वाकत नाही. आज मोठी यंत्रे तासाला १८,००० ताव घेतात, म्हणजे सेकंदाला पाच!

आणि एवढे करूनही दोन ताव आले तर? वाटेत एक पहारेकरी असतो. साधा कागद जेमतेम केसाएवढा जाड. पण ठरलेल्यापेक्षा जास्त जाडी खालून जाऊ लागली की त्याला ती कळते आणि तो यंत्र थांबवतो.

(वर्तमानपत्रांचे मोठे छापखाने मात्र रिळावरचा सलग कागद वापरतात. तिथे एकेक ताव उचलायचा प्रश्नच नाही.)

हे कधी सुरू झाले?

लंडनचे 'टाइम्स' हे वर्तमानपत्र २९ नोव्हेंबर १८१४ रोजी प्रथम वाफेच्या यंत्रावर छापले गेले. ते यंत्र फ्रीडरिश कोनिग या जर्मन कारागिराने बनवले होते. तासाला ११०० ताव! पण ताव लावायला माणसेच. पुढे अशा यंत्रांशी ताव लावायला मुलांनाही उभे करत. तुमच्याएवढी पोरे. पुढे १९१४ साली जर्मनीत लाइप्झिगच्या प्रदर्शनात हायडेलबर्ग कारखान्याचे ट्रेडलसारखेच, पण स्वतः कागद घेणारे यंत्र मांडले गेले. त्याचे चिमट्याचे हात गरगर फिरतात, म्हणून त्याला लोक 'विंडमिल', म्हणजे पवनचक्की, म्हणू लागले. चूषकाने कागद उचलायचा, फिरत्या हाताने जबड्यात न्यायचा. माणसाचा हात बाहेरच राहिला.

आमच्या तालुक्याच्या त्या छापखान्यात आपोआप ताव घेणारे ऑफसेट यंत्र यायला १९९४ साल उजाडले. आबा ते बघायला मला घेऊन गेले. तासभर उभे राहून ते त्या चूषकांकडे बघत होते. मला वाटले, त्यांना वाईट वाटत असेल. कारण कागद लावणाऱ्या एका माणसाचे काम त्या यंत्राने घेतले होते, हेही खरेच. शेवटी ते म्हणाले, "माझ्यावानीच करतंय की रं. आधी वारं घालतंय, मग उचलतंय." थोड्या वेळाने आपल्या बोटांकडे बघून म्हणाले, "ह्याची बोटं रबराची हायत, ते बरं हाय."

बालमित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कडबा कुट्टी आहे. सुगीत मळणी यंत्र येते. रसवंतीत उसाचा चरक आहे. या सगळ्यांना घास भरवावा लागतो, आणि घास अडकला की हात आपोआप पुढे जातो. आबांचाही तसाच गेला होता. म्हणून घास अडकला तर आधी यंत्र बंद, आणि मग मोठ्या माणसाला हाक. हात आत घालायचा नाही, म्हणजे नाही!

घरी करून पहा :

१. वहीच्या कागदावर नळी टेकवून हवा ओढा. कागद उचलला जातो का? आता दोन कागद ठेवून पहा. मग ते फुलवून पुन्हा पहा.

२. कागदांच्या गठ्ठ्याच्या कडेवर बाजूने फुंकर मारा. वरचे किती कागद हलतात ते मोजा.

तुम्हांला काय दिसले ते लिहून आणा. पुढच्या भित्तिपत्रकात लावू. पण कागद एका वेळी एकच आणा हं!

— तुमचे गुरुजी