जुना अ‍ॅम्प्लिफायर, नवे सुटे भाग

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारांच्या कंपनातून मिळणाऱ्या क्षीण विद्युतसंकेताला बळ आणि रंग देतो तो अ‍ॅम्प्लिफायर. म्हणूनच पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे व्हॉल्व्हचे अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायर वादक आजही जिवापाड जपतात. मात्र त्यांतील सुटे भाग केव्हातरी थकतातच. मग काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हा प्रश्न उभा राहतो.

फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हे याचे उत्तम उदाहरण. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे; कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९३८ मध्ये त्यांनी दुकान थाटले. १९६३ मध्ये आलेला हा सुमारे २२ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आतून पाहिला तर जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा भाऊच वाटतो. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसने विकत घेतली आणि त्याआधीच्या यंत्रांना संग्राहकांच्या बाजारात विशेष मोल आले. साहजिकच ‘मूळचे काहीही बदलू नये’ असा एक हट्टी पंथ निर्माण झाला.

हा हट्ट सर्वप्रथम मोडावा लागतो तो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरपाशी. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये रसायनात भिजवलेला कागद, अशी त्याची रचना असते. हे रसायन पंधरा-वीस वर्षांत सुकू लागते. यंत्र वापरले नाही तरीही. उलट वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्रात पत्र्यावरील ऑक्साइडचा थर खराब होतो आणि एकदम पूर्ण दाब दिल्यास कपॅसिटर फुटूही शकतो. डिलक्स रिव्हर्बमध्ये हे मोठे कपॅसिटर चॅसिसवर पत्र्याच्या झाकणाखाली असतात. व्हॉल्यूम कमी केला तरी न थांबणारी घरघर आणि सैल पडलेला खर्ज ही ते थकल्याची लक्षणे. कधी प्रत्येक स्वरामागे एक बेसूर, पुसट स्वर ऐकू येतो. अमेरिकेतील ६० आवर्तनांच्या विजेतून उरलेली १२० आवर्तनांची लहर संगीतात मिसळते, त्याचा हा परिणाम. पुष्कळ वादक त्याचे खापर गिटारवर फोडतात!

नवा कपॅसिटर घेताना मोह आवरावा. मूळ १६ मायक्रोफॅरडच्या जागी २० किंवा २२ चालतो. परंतु त्याच्या कित्येक पट मोठा बसवल्यास डीसी पुरवठा करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो. जोरात वाजवताना दाब क्षणभर खाली बसून मिळणारा मऊपणाही हरवतो. बायस पुरवठ्यातील चिमुकला कपॅसिटर मात्र विसरू नये. तो निकामी झाला की पॉवर व्हॉल्व्हवरील ऋण दाब घटतो, त्यांच्या प्लेट लालबुंद होतात आणि अखेरीस महागडा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

दुसरा अपरिहार्य बदल जिवाशी निगडित आहे. त्या काळी वायरला दोन पिनांचा प्लग असे, अर्थिंग नव्हते. वीजवाहक तार आणि चॅसिस यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला तर विजेचा पूर्ण दाब चॅसिसवर आणि तेथून केबलमार्गे गिटारच्या तारांवर येतो. कारागीर त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात, ते उगाच नव्हे. रंगमंचावरील सदोष विद्युतजोडणी किती घातक ठरते, हे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे दिसले. ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी मायक्रोफोनला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने गतप्राण झाला. तीन पिनांची वायर बसवून अर्थिंग चॅसिसला पक्के जोडावे आणि तो कपॅसिटर काढून टाकावा. मूळपणाच्या नावाखाली याला विरोध करणे हा शुद्ध वेडेपणा होय.

याउलट स्वरमार्गातील निळे कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर शाबूत असतील तर त्यांना हात लावू नये. यंत्राचा आवाज त्यांच्यातच आहे. कपॅसिटरच्या एका टोकाला दीड-दोनशे व्होल्ट असतात. दुसऱ्या टोकाकडे डीसी झिरपत असेल, तरच तो बदलावा. कार्बनचे रेझिस्टर वयानुसार आपले मूल्य वाढवतात, काही तडतडू लागतात. तेवढाच तडतडणारा बदलावा. सगळेच भाग एका दमात बदलणाऱ्या तयार संचाने यंत्र शांत होते खरे, पण पुष्कळदा निर्जीवही.

भारतात असे यंत्र आणणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. २३० व्होल्टचे १२० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून अर्थिंगची तार पुढे जाते की नाही, हे तपासणे आवश्यक आहे. अनेक स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये ती नसतेच. शिवाय ६० ऐवजी ५० आवर्तनांवर यंत्रातील मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो.

प्लग काढल्यावरही आत चारशे व्होल्टचा साठा राहू शकतो. रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरवर शून्य दिसल्याखेरीज आत बोट घालू नये. हे काम जाणकार कारागिराचेच. त्याच्याकडून काढलेले जुने भाग मात्र अवश्य मागून घ्यावेत आणि पिशवीत घालून यंत्रासोबतच ठेवावेत. पुढचा ग्राहक ते मागतोच.