जोडीदाराची हमी : ब्रिटिश कायद्यातील परकीय पती-पत्नींच्या वास्तव्याचा प्रश्न

एखाद्या देशाच्या नागरिकाने परकीय व्यक्तीशी विवाह केला म्हणजे त्या व्यक्तीस त्या देशात कायम राहण्याचा हक्क आपोआप प्राप्त होतो, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः विवाहाने अर्ज करण्याची पात्रता तेवढी येते. पुढील सारा भार त्या देशातील जोडीदारावर पडतो. इंग्रजी कायद्यात त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात; आपण त्यास हमीदार म्हणू. आता हा जो वास्तव्याचा हक्क म्हणून म्हणतात, तो नेमका कोणाचा? येऊ इच्छिणाऱ्या परकीयाचा, की आपल्या घरात आपला पती वा आपली पत्नी नांदावी अशी इच्छा धरणाऱ्या नागरिकाचा? कायद्याने या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याचे दीर्घकाळ टाळले आहे, आणि ते कसे टाळले हे पाहण्यास ब्रिटनसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. त्या इतिहासात भारतीयांचा संबंध जागोजाग येत असल्याने आपल्या अभ्यासकांस तो अधिकच उपयुक्त ठरावा.

राष्ट्रकुलातील नागरिकांच्या आगमनावर पहिले मोठे नियंत्रण १९६२ च्या कायद्याने आले. तथापि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलीय पुरुषाची पत्नी व लहान मुले यांचा प्रवेशाचा हक्क त्या कायद्याने अबाधित ठेवला होता. १९७१ च्या कायद्यानेही, १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या राष्ट्रकुलीय पुरुषांपुरती ही हमी कायम राखली. पतींची गोष्ट मात्र निराळी होती. स्त्री पतीच्या घरी जाते, पुरुष पत्नीच्या घरी जात नाही, या गृहीतकावर सारी रचना उभी होती. १९६९ मध्ये राष्ट्रकुलीय पतींच्या प्रवेशावर बंधन आले, १९७४ मध्ये ते उठले, १९७७ मध्ये दिखाऊ विवाहांच्या संशयाने ते पुन्हा काहीसे आवळले गेले. एवढ्या थोड्या काळात इतक्या वेळा बदललेला नियम तत्त्वावर आधारलेला असेल, असे मानणे कठीण आहे.

पत्नींचा हक्क अबाधित होता म्हणजे त्यांचा मार्ग सुकर होता, असे मात्र नव्हे. १९६९ पासून त्यांना मायदेशातूनच प्रवेशपत्र घेऊन यावे लागे व ते मिळण्यास फार विलंब होई. ब्रिटनमध्ये येऊन विवाह करणाऱ्या वाग्दत्त वधूस अशा प्रवेशपत्राची आवश्यकता नसे. त्यामुळे विवाहित स्त्रिया स्वतःस वाग्दत्त म्हणवून येतात, असा अधिकाऱ्यांस संशय असे. या संशयाचा परिणाम १९७९ च्या आरंभी जगापुढे आला. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका भारतीय स्त्रीची, ती अविवाहित आहे की नाही हे ठरविण्यासाठी, कौमार्य तपासणी करण्यात आली होती. वृत्तपत्रांत बोभाटा होताच ही पद्धत थांबविण्यात आली. पुढे २०११ मध्ये मारिनेला मार्मो व इव्हान स्मिथ या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ब्रिटिश दप्तरांतून दाखवून दिले की, हा प्रकार एकटादुकटा नव्हता; भारतीय उपखंडातील किमान ८० स्त्रियांस तो सोसावा लागला होता. अर्ज पतीजवळ राहण्याचा आणि तपासणी शरीराची, ही विसंगती त्या वेळी शासनयंत्रणेत कोणाच्याही ध्यानात आली नाही.

१९८० च्या नियमांनी पतींविरुद्धचा भेद पुरा केला. ब्रिटनमध्ये कायम राहणारा परकीय पुरुष आपली पत्नी आणू शके. पण तशीच कायम राहणारी परकीय स्त्री आपला पती आणू शकत नसे. या नियमाविरुद्ध तीन स्त्रिया स्ट्रासबर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेल्या. अब्दुलअझीझ यांचा जन्म मलावीतील, त्यांचे पती पोर्तुगीज. काबालेस या फिलिपाइन्समधून परिचारिका म्हणून आलेल्या, त्यांचे पती मनिला येथील. बाल्कंदाली या मूळच्या इजिप्तच्या, त्यांचे पती तुर्की. तिघींची प्रकरणे एकत्र चालून २८ मे १९८५ रोजी निकाल झाला. या निकालाचे दोन भाग आहेत व ते परस्परांच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

पहिल्या भागात न्यायालयाने असे म्हटले की, युरोपीय कराराचे आठवे कलम कौटुंबिक जीवनाचा आदर करावयास सांगते; परंतु विवाहित जोडप्याने कोणत्या देशात संसार थाटावा याची निवड राज्याने मान्य केलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही. या जोडप्यांना अन्यत्र राहता येण्यास अडथळा होता, असे दिसत नाही. सबब आठव्या कलमाचा भंग नाही. दुसऱ्या भागात मात्र न्यायालयाने पुरुषास जी सवलत मिळते ती स्त्रीस नाकारणे हा लिंगभेद ठरविला. परदेशी पती आले तर नोकऱ्यांची स्पर्धा वाढेल, असे सरकारचे म्हणणे होते; त्याने न्यायालयाचे समाधान झाले नाही. वंशभेदाचा आक्षेप मात्र फेटाळला गेला.

त्या स्त्रिया जिंकल्या, हे खरेच. पण त्यांनी जिंकले काय? संसार एकत्र करण्याचा हक्क त्यांस मिळाला नाही. पुरुषांहून कमी न मिळण्याचा हक्क मिळाला. समता दोन मार्गांनी साधता येते, स्त्रियांस पुरुषांइतके देऊन किंवा पुरुषांचे स्त्रियांइतके काढून घेऊन. ब्रिटिश सरकारने दुसरा मार्ग निवडला. १९८५ च्या ऑगस्टपासून पतींसाठी असलेल्या कठोर चाचण्या पत्नींनाही लागू झाल्या, आणि १९७१ च्या कायद्यातील ती जुनी हमी १९८८ मध्ये रद्द करण्यात आली. अभ्यासक्रमांत हा खटला लिंगसमतेचा विजय म्हणून शिकविला जातो. त्याचा हा उत्तरार्धही विद्यार्थ्यांपुढे यावयास हवा.

या चाचण्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे 'मुख्य हेतू'चा नियम. विवाह खरा आहे व उभयतांस एकत्र राहावयाचे आहे, एवढे सिद्ध करून भागत नसे. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा या विवाहाचा मुख्य हेतू नाही, हेही अर्जदारानेच सिद्ध करावे लागे. या दोन कसोट्या स्वतंत्र आहेत, असे इंग्लंडमधील न्यायालयाने १९८५ च्या भाटिया प्रकरणात स्पष्ट केले. ते प्रकरण एका भारतीय वराचेच होते. नकारार्थी गोष्ट सिद्ध करणे किती कठीण असते, हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. त्यातून ठरवून होणाऱ्या विवाहात अडचण दुप्पट. पत्रव्यवहार नाही, सहवास नाही, पूर्वपरिचय नाही. मग हा मनुष्य मुलीसाठी चालला आहे की देशासाठी?

येथे अधिकारी आपल्याच रूढीचा दाखला आपल्यावर उलटवीत. तुमच्या समाजात मुलगी सासरी जाते. मग हा मुलगा पत्नीच्या देशी का निघाला? ज्याअर्थी तो रूढीविरुद्ध वागत आहे, त्याअर्थी त्याचा हेतू स्थलांतराचा आहे, असे अनुमान काढून अर्ज नाकारले जात. घरजावयाकडे आपल्या समाजातही किंचित उपहासाने पाहिले जाते हे मान्य. पण त्या उपहासास एका परक्या राज्याच्या प्रशासनात पुराव्याचे स्थान मिळेल, अशी कल्पना कोणी केली नसेल. बरे, तो रूढीप्रमाणे वागला असता तर? तर ब्रिटनमध्ये जन्मलेली वा वाढलेली त्याची पत्नी आपले घर व नोकरी सोडून त्याच्या गावी आली असती, आणि ब्रिटिश राज्याने आपल्याच नागरिक स्त्रीस देशाबाहेर राहावयास लावले असते. हमीदाराच्या हक्काचा प्रश्न या ठिकाणी उघडा पडतो. पुढे न्यायालयांनी विवाहोत्तर पत्रे, भेटी, अपत्यजन्म यांस पुरावा म्हणून काही महत्त्व दिले. १९९२ मध्ये विवाहास ५ वर्षे झालेल्यांस सवलत मिळाली. आणि अखेर जून १९९७ मध्ये नव्या मजूर सरकारने हा नियमच रद्द केला.

मधल्या काळात एका भारतीयाच्या प्रकरणाने निराळीच वाट निघाली होती. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रॅडफर्ड येथे ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला. हे जोडपे १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले. पुढे विवाह मोडण्याच्या बेतात आला व वास्तव्याचा प्रश्न निघाला. युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने ७ जुलै १९९२ रोजी निर्णय दिला की, पत्नी समुदायातील अन्य देशात काम करून मायदेशी परत येते, तेव्हा तिच्या पतीस निदान तेवढे तरी हक्क असले पाहिजेत जेवढे तिला दुसऱ्या सदस्य देशात जाताना मिळाले असते. परिणामी अशी विचित्र स्थिती झाली की, लेस्टर सोडून कधीच न गेलेल्या ब्रिटिश पत्नीपेक्षा काही काळ डब्लिनला काम करून आलेल्या ब्रिटिश पत्नीची बाजू अधिक बळकट. पुष्कळांनी हा मार्ग चोखाळला. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर तो बंद झाला.

हेतूची चाचणी गेली, तिच्या जागी पैशाची चाचणी आली. जोडीदाराचा सांभाळ सार्वजनिक मदतीविना करता आला पाहिजे, ही अट पूर्वीपासून होतीच. परंतु ९ जुलै २०१२ पासून तिला निश्चित आकडा मिळाला. हमीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवे. एक अब्रिटिश मूल बरोबर असल्यास २२,४००, व पुढील प्रत्येक मुलामागे आणखी २,४०० पौंड. त्या वेळी आठवड्यास ४० तास किमान वेतनावर काम करणाऱ्या प्रौढाची वार्षिक कमाई होई सुमारे १२,६०० पौंड. म्हणजे पूर्ण वेळ राबणारा कामगारही पात्र ठरत नसे. उत्पन्न मुळीच नसेल तर बचत दाखविता येई. तिचे सूत्र असे की, तुटीची अडीचपट करून तीत १६,००० मिळवावयाचे. संपूर्ण तूट असल्यास ६२,५०० पौंड.

या नियमातील एक बारकावा फार बोलका आहे. समजा, लेस्टर येथील एका ब्रिटिश स्त्रीने नाशिकच्या अभियंत्याशी विवाह केला. ती अर्धवेळ शिक्षिका आहे, त्याचा पगार उत्तम आहे. भारतातून अर्ज करताना त्याचा येथील पगार हिशेबात धरीत नाहीत, आणि ब्रिटनमध्ये गेल्यावर तो किती मिळवील याचाही विचार होत नाही. पाहिले जाते ते तिचेच उत्पन्न. घरातील मुलांमुळे वा म्हाताऱ्या आईवडिलांमुळे अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रीवर हा नियम अधिक जड पडतो, हे निराळे सांगावयास नको. १९८५ मध्ये दाराने बाहेर घातलेला लिंगभेद खिडकीतून परत आला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या सुमारास न्यायालयांची भूमिकाही बदलत होती. सक्तीचे विवाह रोखण्यासाठी म्हणून २००८ मध्ये जोडीदार व हमीदार यांची किमान वयोमर्यादा १८ वरून २१ करण्यात आली होती. २०११ च्या क्विला प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती, स्वखुशीने विवाह केलेल्या तरुणांच्या कौटुंबिक जीवनावरील असमर्थनीय आक्रमण ठरविली. आणि १९८५ च्या निकालाचा पहिला भाग आपण यापुढे अनुसरणार नाही, असे न्यायमूर्ती विल्सन यांनी स्पष्ट म्हटले. नकारामुळे नागरिकास पती-पत्नी आणि देश यांपैकी एकाची निवड करावी लागते, म्हणून तो हस्तक्षेपच होय, ही भूमिका येथे मान्य झाली. मात्र हस्तक्षेप मान्य होणे वेगळे आणि तो अयोग्य ठरणे वेगळे. २२ फेब्रुवारी २०१७ च्या एमएम प्रकरणात त्याच न्यायालयाने किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध मानली. हजारो कुटुंबांस तिचा जाच होतो हे मान्य करूनही, नियम कठोर आहे एवढ्यावरून तो बेकायदा होत नाही, असा निष्कर्ष निघाला. मुलांच्या हिताचा पुरेसा विचार झालेला नाही व उत्पन्नाच्या अन्य विश्वसनीय साधनांकडे दुर्लक्ष होते, या दोन बाबतीत तेवढी सुधारणा करावी लागली.

प्रवेश मिळाल्यावरही कायम वास्तव्य लगेच पदरात पडत नाही. पूर्वी उमेदवारीचा काळ १ वर्षाचा असे. २००३ मध्ये तो २ वर्षांचा, २०१२ मध्ये ५ वर्षांचा झाला. परदेशातून अर्ज करणारास प्रथम ३३ महिन्यांचा परवाना, मग ३० महिन्यांची मुदतवाढ. दोन्ही वेळा तीच तपासणी, वाढत्या पायरीची इंग्रजीची परीक्षा, आणि शेवटी ब्रिटिश जीवनाविषयीची चाचणी. या काळात विवाह मोडला तर वास्तव्याचा आधारच जातो. त्यामुळे मार खाणाऱ्या स्त्रीपुढे मारणाऱ्याच्या घरी राहणे वा देश सोडणे एवढेच पर्याय उरत. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेने व इतरांनी केलेल्या चळवळीमुळे १९९९ मध्ये अशा स्त्रियांस सवलत मिळाली व २००२ मध्ये ती नियमांत समाविष्ट झाली. हमीदाराच्या हातात राज्याने किती सत्ता देऊन ठेवली होती, याची कल्पना या एका अपवादावरून येते.

डिसेंबर २०२३ मध्ये उत्पन्नाची मर्यादा एकदम ३८,७०० पौंडांवर नेण्याचा बेत जाहीर झाला. ओरड होताच तो टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले, आणि ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० चा पहिला टप्पा लागू झाला. वरील सूत्राने बचतीचा आकडा ८८,५०० पौंडांवर गेला. त्या महिन्यापासूनच्या वाढीव किमान वेतनावर ४० तासांच्या आठवड्याची वर्षाची कमाई तेव्हा होई सुमारे २३,८०० पौंड. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मजूर सरकारने पुढील टप्पे थांबवून प्रश्न स्थलांतर सल्लागार समितीकडे सोपविला. जून २०२५ च्या अहवालात समितीने २३,००० ते २५,००० व २४,००० ते २८,००० असे दोन पर्याय मांडले. ३८,७०० हा आकडा मुळात कुशल कामगारांच्या परवान्यासाठी ठरलेला होता. तो कुटुंबांस लावण्यामागील तर्क आपणांस समजत नाही, आणि तो बहुधा आठव्या कलमासारख्या आंतरराष्ट्रीय बंधनांशी विसंगत ठरेल, असेही तिने नमूद केले आहे. १९८५ मध्ये न्यायाधीशांनी ज्या कलमाचा आधार त्या तीन जोडप्यांस नाकारला होता, त्याचे स्मरण २०२५ मध्ये सरकारला करून दिले ते मुख्यतः अर्थशास्त्रज्ञांच्या एका समितीने.