काशीला जाताय? घड्याळाबरोबर पंचांगही पाहा

काशी, प्रयाग, अयोध्या अशा धावत्या यात्रेत काशीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी विश्वनाथाची रांग, संध्याकाळी गंगाआरती आणि रात्रीची गाडी. एवढ्यावर परतणाऱ्याला मंदिर दिसतं, शहर राहून जातं. काशीत काय पाहायचं याइतकंच ते कधी पाहायचं, हे महत्त्वाचं. म्हणून किमान तीन दिवस राखून ठेवावेत.

उतरायचं कुठे?

तिकीट काढताना स्थानकाचं नाव नीट वाचा. 'वाराणसी जंक्शन' म्हणजे स्थानिकांचं 'कँट'. मुंबईची महानगरी एक्सप्रेस इथेच येते. 'बनारस' हे पूर्वीचं मंडुआडीह, तर 'काशी' हे आणखी वेगळं स्थानक. मुगलसराय, म्हणजे आताचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, नदीपलीकडे पंधरा-सतरा किलोमीटरवर आहे. बाबतपूरचा विमानतळही शहरापासून साधारण 25 किलोमीटर दूर आहे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन् तास रखडतात. तेव्हा पुढच्या प्रवासाचं आरक्षण करताना मधे भरपूर वेळ ठेवा.

कँटहून गोदौलियाकडे ई-रिक्षा किंवा ऑटो मिळते. शेअर आहे की पूर्ण गाडी, हे बसण्याआधीच विचारा. गोदौलियापासून घाटांकडे मात्र पायीच जायचं. गल्ल्यांत मोटार शिरत नाही, त्यामुळे सामान आटोपशीर हवं. सोबत वयस्कर माणसं असतील तर अस्सीच्या बाजूला मुक्काम सोयीचा. तिथे घाटाजवळपर्यंत रस्ता आहे.

पहाट नदीची

गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि घाट तिच्या पश्चिम तीरावर आहेत. उगवतीचं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. म्हणून नाव सूर्योदयाआधी घ्यावी. भाडं माणशी की नावेचं आणि कुठपर्यंतचं, हे आधी ठरवावं. दुसऱ्या दिवशी हाच काठ अस्सीपासून पंचगंगा घाटापर्यंत चालत पाहावा. मराठी माणसाला या वाटेवर आपला इतिहास भेटतो. अस्सीजवळ भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे. पुढे अहिल्याबाई घाट, दशाश्वमेध ओलांडून शिंदे घाट, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. आजचं विश्वनाथ मंदिरही अहिल्याबाई होळकरांनीच 1780 मध्ये उभारलं.

मणिकर्णिकेवर कॅमेरा पिशवीत ठेवा. तिथे कुणाच्या तरी घरचं माणूस जळत असतं. 'लाकडासाठी दान द्या' म्हणत मागे लागणाऱ्यांना नम्रपणे नकार देऊन पुढे व्हा.

विश्वनाथ धाममध्ये मोबाइल नेता येत नाही. तो मुक्कामीच ठेवलेला बरा. सारनाथ दहा किलोमीटरवर आहे. अशोकाचं सिंहशीर्ष तिथल्या संग्रहालयात आहे आणि ते शुक्रवारी बंद असतं.

सण आणि त्यांच्या तिथी

उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथला श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. आपल्याकडे आषाढाचा कृष्णपक्ष असतो तेव्हाच काशीत श्रावणी सोमवारची प्रचंड गर्दी उसळते. त्याच सुमारास गंगेला पूर येतो, घाट पाण्याखाली जातात आणि नावा बंद होतात. घाट पाहायचे असतील तर पावसाळा टाळाच.

शुक्लपक्षातले सण दोन्हीकडे एकाच दिवशी येतात. आपली त्रिपुरारी पौर्णिमा ही काशीची देवदिवाळी. त्या संध्याकाळी सगळे घाट पणत्यांनी उजळतात. खोल्या आणि नावा फार आधी भरतात, म्हणून आरक्षण काही महिने आधी करा आणि अंधार पडण्यापूर्वीच जागेवर पोहोचा.

आपल्याकडे अनंत चतुर्दशीला गणपती निघतात, त्याच दिवशी पलीकडच्या तीरावर रामनगरची रामलीला सुरू होते. महिनाभर चालणाऱ्या या लीलेत ध्वनिक्षेपक नसतो, विजेचे दिवे नसतात. अयोध्या, जनकपूर, लंका यांच्या जागा गावात ठिकठिकाणी ठरलेल्या आहेत आणि प्रेक्षक पात्रांमागून चालत जातात. एक संध्याकाळ तरी तिथे काढाच. चैत्रात हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचन मंदिरात रात्रभर संगीत चालतं. नामवंत कलाकार तिथे हजेरी लावतात आणि ऐकायला तिकीट लागत नाही.

खाण्याचंही वेळापत्रक आहे. कचोरी-जलेबी सकाळची, टमाटर चाट संध्याकाळची आणि दुधाच्या फेसाची केशरी मलइयो फक्त थंडीतली, तीही सकाळीच.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कार्तिक ते फाल्गुन हा काळ निवडावा. धुक्याचे आठवडे टाळता आले तर उत्तम. आणि यात्रा कंपनीच्या कार्यक्रमात काशीसाठी एकच दिवस असेल, तर पैसे भरण्याआधी दोन दिवस वाढवून मागा. ते मिळत नसतील तर काशी वेगळी करा.