विश्लेषण : राणीच्या तीनचाकीचा उसाच्या ट्रॅक्टरशी काय संबंध?

गळीत हंगामात नगर-मनमाड महामार्गाने राहाता ओलांडायचे, तर उसाच्या डबल ट्रॉलीमागे रखडण्याची तयारी ठेवावी लागते. हा ट्रॅक्टर वळतो तेव्हा त्याची मागची दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात. हे काम करणारा ‘डिफरन्शियल’ हौशी लोकांच्या वाहनात आला तो सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, इंग्लंडमधील श्रीमंतांच्या तीनचाकी सायकलीतून. मराठी मुलखातील एका मोठ्या उद्योगाची सुरुवातही याच सायकलच्या हौसेतून झाली.

तीन चाके कशासाठी?

व्हिक्टोरिया राणीच्या काळात १८७० च्या दशकात सायकल म्हणजे ‘पेनी फार्दिंग’. पुढचे चाक अवाढव्य, मागचे चिमुकले. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असल्याने पेडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी होई. १.४ मीटर व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे ४.४ मीटर जाते. म्हणजे जास्त वेग हवा, तर चाक आणखी मोठे हवे. त्याला मर्यादा होती ती स्वाराच्या पायांच्या लांबीची. चाक दगडाला अडले, की स्वार थेट डोक्यावर आपटे.

हा खेळ तरुण पुरुषांचा. घोळदार झगे घालणाऱ्या स्त्रिया आणि वयस्कर मंडळींना तो झेपणारा नव्हता. त्यांच्यासाठी आली तीनचाकी. ती जड होती, महाग होती आणि घराच्या दारातून आतही जात नसे. त्यामुळे गाडीखाना असणाऱ्यांनाच ती परवडे. आज तीन चाकांची सायकल म्हटले, की लहान मूल नाहीतर घाम गाळणारा सायकलरिक्षावाला आठवतो. त्या काळी ती ऐटीची वस्तू होती.

वळणावर काय अडत होते?

तीनचाकीची दोन्ही मागची चाके एकाच आसावर पक्की बसवली, तर वळताना एक चाक फरफटते. कारण बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. ट्रॅक्टरचेच उदाहरण घ्या. मागच्या चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर पूर्ण उलट दिशेला वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालते. फक्त एकाच चाकाला जोर दिला, तर गाडी एका बाजूला ओढते.

कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली मूळचे शिलाई यंत्रांच्या कारखान्यातले. ते मुलासोबत शेजारी-शेजारी बसून गाडी चालवत असताना मुलाचा जोर जास्त पडला आणि गाडी खाजऱ्या झुडपांत गेली, असा किस्सा सांगितला जातो. १८७७ मध्ये त्यांनी ‘साल्व्हो’ तीनचाकीत साखळीसोबत डिफरन्शियल बसवला. मूळ कल्पना त्याआधीच फ्रान्समध्ये मांडली गेली होती, पण हौशी स्वारांपर्यंत ती पोहोचली ती या तीनचाकीतून. १८८१ मध्ये खुद्द राणीने दोन ‘साल्व्हो’ मागवल्या आणि त्यांना ‘रॉयल साल्व्हो’ हे नाव मिळाले. कार्ल बेंझ यांची १८८६ ची मोटारगाडीही तीनचाकीच होती आणि तिच्यातही डिफरन्शियल होता.

या यंत्राची खोड ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगायला नको. एक चाक चिखलात रुतले, की तेच गरगर फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे ढिम्म राहते. तेव्हा ‘डिफरन्शियल लॉक’चे पेडल दाबावे लागते.

मराठी मुलखात सायकल कशी आली?

तीनचाकीची सद्दी फार टिकली नाही. जेम्स यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले.

त्याच १८८८ मध्ये बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचे व्हीजेटीआय) शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बंधू रामुअण्णा त्या विकत. एका सायकलची किंमत ७०० ते १,००० रुपये आणि चालवायला शिकवण्याचे १५ रुपये, असे सांगितले जाते. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. सायकल इथेही आधी हौस म्हणूनच आली.

दुकानाचे पुढे काय झाले?

बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. सायकलच्या दुकानातून हात वळला तो कडबा कापण्याच्या यंत्राकडे, मग लोखंडी नांगराकडे. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे नगरपालिकेच्या विस्तारात बेळगावची जागा गेली. औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. बेळगावातील दुकानाच्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.