जस्त पोषक, मग नॅनो-जस्त घातक कसे?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याला वेल्डिंग करताना पांढरा धूर निघतो. त्या धुरात झिंक ऑक्साइडचे (जस्त व प्राणवायूचे संयुग) अतिसूक्ष्म कण असतात. १ ते १०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. हेच संयुग कारखान्यात मुद्दाम नॅनोरूपातही बनवले जाते.

जस्त द्राक्षवेलीसारख्या पिकांनाही पोषक म्हणून लागते, म्हणून ते कितीही चालेल, असा समज आढळतो. पण पोषण आणि विषबाधा यांत फरक मात्रेचा असतो, आणि नॅनोकणांच्या बाबतीत आकाराचाही. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, तसेच हे. एक मिलिमीटरच्या घनाचे १०० नॅनोमीटरचे घन केले, तर एकूण पृष्ठभाग दहा हजार पट होतो. त्यामुळे जस्ताचे आयन (विद्युतभारित अणू) झपाट्याने सुटतात, रोपाच्या पेशींवर ताण येतो आणि मुळांची वाढ खुंटते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम नॅनो झिंक ऑक्साइडने मुळ्याच्या रोपांच्या मुळांची वाढ निम्म्यावर आली.

मात्र तो प्रयोग पाण्यातला होता. जमिनीत सामू (आम्ल-विम्लतेचे माप) आणि सेंद्रिय पदार्थ यांनुसार परिणाम बदलतो. म्हणून ‘नॅनो’ म्हणजे सरसकट विष नव्हे आणि वरदानही नव्हे. माती परीक्षणात जस्ताची कमतरता दिसली, तरच शिफारशीइतके जस्त द्यावे.