बांडियाचा झिंगा, शेवंडीचा सोयरा

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली समुद्रापासून किती लांब आहे, हे नकाशा उघडून पाहण्याजोगे आहे. सरळ रेषेत मोजले तरी बंगालचा उपसागर साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे आणि मुंबईचा किनारा त्याच्या दुपटीने दूर. तरीही या भागातल्या आठवडी बाजारात सुक्या मासळीची दुकाने असतात आणि त्यांत झिंग्यांचे ढीग असतात. त्यातले काही समुद्रकिनाऱ्यावर वाळवून मालमोटारीने आलेले. पण पावसाळा ओसरला, नाल्यांचे पाणी निवळले, बांध्यांतले पाणी उतरू लागले की ताजे झिंगेही मिळतात. ते इथल्याच नाल्यांतले, बोड्यांतले, नदीच्या डोहांतले. वांग्यात किंवा आंबाडीच्या भाजीत घातलेले झिंगे आणि भात हे या झाडीपट्टी भागातले रोजचे जेवण आहे. त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मात्र हा झिंगा कोण, कुठून आला आणि कोणाचा नातलग, हे पाहू गेले तर नवल वाटावे असे पुष्कळ आहे.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर लॉबस्टर रोल नावाचा पदार्थ मिळतो. मऊ पाव मधोमध चिरायचा आणि त्यात उकडलेल्या लॉबस्टरचे मांस भरायचे. मेन राज्यात ते थंड, मेयोनीजमध्ये कालवलेले असते. कनेटिकटमध्ये गरम, वितळलेल्या लोण्यातले. या पदार्थाची सुरुवात कनेटिकटमधल्या मिलफर्ड गावातील पेरी यांच्या साध्या खानावळीत १९२०च्या दशकात झाली असे सहसा सांगतात. त्याआधीच्या काळात त्या किनाऱ्यावर लॉबस्टर इतका मुबलक होता की तो गरिबाघरचे खाणे मानला जाई. आज तोच लॉबस्टर जगभरच्या शहरांत महागडा झाला आहे. मुंबईच्या समुद्रात मिळणारी शेवंड ही त्याची चुलत बहीण म्हणावी अशी; तिला मोठ्या नांग्या नसतात, त्यांच्या जागी लांब काटेरी मिशा असतात. मेनच्या लॉबस्टरसारखा नांग्या असलेला प्राणी भारताच्या नद्यांत कुठेच नाही. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या गोड्या पाण्यात लॉबस्टरसारखे दिसणारे क्रेफिश असतात, तेही भारतात मूळचे नाहीत. इथल्या नद्यांत लांब नांग्या परजत फिरण्याचे काम झिंगे आणि खेकडे करतात.

आता नात्याची गोष्ट. शेवंड, लॉबस्टर, खेकडा, कोळंबी आणि झिंगा हे सगळे दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांच्या एकाच गणातले. दिसायला झिंगा आणि समुद्रातली कोळंबी जुळी भावंडे वाटतात, म्हणून त्यांना जवळचे मानावे असे कोणालाही वाटेल. पण या गणाचे दोन मोठे भाग पडतात आणि विभागणीची रेषा नेमकी या दोघांच्या मधून जाते. १९६३ साली मार्टिन बर्केनरोड या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने ही मांडणी केली आणि पुढे जनुकांच्या अभ्यासांनीही तिला पुष्टी दिली. एका भागात टायगर प्रॉन आणि तिच्यासारख्या समुद्री कोळंब्या आहेत. त्यांची मादी अंडी पाण्यात सोडून देते. दुसऱ्या भागात लॉबस्टर, शेवंड, खेकडे आणि आपला नदीतला झिंगा आहे. यांच्या माद्या अंडी सोडत नाहीत. पोटाखालच्या पायांना चिकटवून, पाण्याने हलवत, स्वच्छ करत, पिले बाहेर पडेपर्यंत वागवतात. म्हणजे एटापल्लीजवळच्या बांडिया नदीतला झिंगा हा मुंबईच्या कोळंबीपेक्षा मेनच्या लॉबस्टरला अधिक जवळचा आहे.

याची खूण स्वयंपाकघरातही पटवता येते. कवच न काढलेला झिंगा आडवा धरून शेपटीकडच्या भागाची वलये पाहावीत. समुद्री कोळंबीत ती क्रमाने एकावर एक बसतात: पहिल्याची कड दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. नदीतल्या झिंग्यात दुसरे वलय रुंद असते आणि पुढच्या व मागच्या अशा दोन्ही वलयांवर चढलेले असते. पाय पाहिले तर कोळंबीत पुढच्या तीन जोड्यांना चिमटे असतात, झिंग्यात दोनच जोड्यांना. आणि दुसरी जोडी, विशेषतः नरात, कधीकधी अंगापेक्षाही लांब असते. ओल्या झिंग्यांच्या वाट्यात पोटाला अंड्यांचा घोस धरलेली मादी दिसली तर शंकाच उरत नाही.

नात्याचा हा धागा आणखी लांब जातो, आणि मला तरी सगळ्यात थक्क करणारी गोष्ट ही वाटते. इथल्या माडिया आदिवासींच्या घरांत झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्यांची आंबट-तिखट चटणी होते. २०१० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. संधिपाद प्राण्यांच्या ७५ जातींतली ६२ जनुके त्यात ताडून पाहिली होती. निष्कर्ष असा की कीटक हे कवचधारींच्याच वंशवृक्षाची एक फांदी आहेत. जमिनीवर येऊन पसरलेली. एकाच जेवणात मुंग्यांची चटणी आणि झिंग्यांची भाजी असेल तर ताटात एकाच कुळाच्या दोन शाखा असतात. या नात्याची एक सावध करणारी बाजूही आहे. झिंग्याने अंगावर गांधी उठणाऱ्या बहुतेकांना ज्या प्रथिनाची बाधा होते, ते ट्रोपोमायोसिन खेकड्यात आणि शेवंडीत असतेच, शिवाय घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म माइटमध्ये आणि कीटकांतही असते. शिजवल्याने ते नाहीसे होत नाही.

कढईत पडताच झिंगा लाल होतो. मेनचा निळसर काळा लॉबस्टर उकळत्या पाण्यात लालभडक होतो, दोन्हींचे कारण एकच. या प्राण्यांच्या कवचात अ‍ॅस्टाझँथिन नावाचे नारिंगी-लाल द्रव्य असते. ते त्यांना स्वतःला मुळापासून तयार करता येत नाही; शेवाळाने बनवलेली रंगद्रव्ये अन्नातून अंगात येतात आणि त्यांतून ते घडते. जिवंतपणी हे द्रव्य प्रथिनांच्या घट्ट मिठीत असते आणि त्या मिठीत त्याचा रंग बदलून निळा, करडा किंवा हिरवट होतो. आच लागली की प्रथिनाची घडी मोडते, द्रव्य सुटे होते आणि मूळचा लाल रंग उघडा पडतो. हा बदल नेमका कसा घडतो, याचे उत्तर मिळायला फार वेळ लागला. लॉबस्टरच्या या प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने २००२ साली उलगडली. रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईला दिसणारा हा पालट विज्ञानाला समजायला विसावे शतक संपावे लागले.

समुद्रापासून इतक्या आत हा प्राणी पोचला कसा, याचे उत्तर अंड्यांच्या आकारात आहे. नदीतले मोठे झिंगे मॅक्रोब्रॅकियम या प्रजातीतले. तिच्यात जगभर दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांचे पूर्वज समुद्रातले. काही जातींनी समुद्राशी संबंध पूर्ण तोडला नाही. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, फूटभर लांब होणारी. ती गोड्या पाण्यात वाढते, पण पिलांना खाडीचे मचूळ पाणीच लागते. हे कळले त्याची हकिगत मोठी आहे. मलेशियातील पेनांग इथे शाओ-वेन लिंग हे मत्स्यशास्त्रज्ञ या झिंग्यांची पिले वाढवू पाहत होते. गोड्या पाण्यात पिले काही दिवसांत मरून जात. १९६१च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की पाण्यात थोडे खारेपण असले तर ती तगतात. मग ती एकापाठोपाठ अकरा रूपे बदलतात, शेवटी झिंग्याच्या आकाराची होतात आणि तेव्हाच गोड्या पाण्याकडे वळतात. जगभर चालणारी गोड्या पाण्यातल्या झिंग्यांची शेती या एका शोधावर उभी आहे. अशा जातीची मादी हजारोंनी अंडी घालते, कारण प्रवाहाबरोबर वाहत खाडीला जाणाऱ्या पिलांतली बहुतेक वाटेतच संपतात.

दुसऱ्या काही जातींनी समुद्र कायमचा सोडला. मॅक्रोब्रॅकियम लमारेई किंवा मॅक्रोब्रॅकियम डायॅनम अशा लहान जाती सबंध आयुष्य गोड्या पाण्यात काढतात. त्यांची अंडी मोजकी आणि आकाराने मोठी असतात. पिलू अंड्यातच बरेच वाढते आणि बाहेर पडते तेव्हा त्याला खाडीपर्यंतचा प्रवास करावा लागत नाही. तलावात, बोडीत, उन्हाळ्यात तुटक डबक्यांसारख्या उरणाऱ्या नाल्यात झिंगा टिकतो तो यामुळे.

गोदावरीच्या खोऱ्यात दोन्ही तऱ्हा आहेत. गोदावरीचा मोठा झिंगा, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, १८४४ साली आंरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्णिला. त्याची पिले मुखाजवळच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि मग धार कापत नदीतून वर चढतात. एटापल्लीजवळून वाहणारी बांडिया इंद्रावतीला मिळते, इंद्रावती सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी राजमहेंद्रीपाशी दवलेश्वरम ओलांडून समुद्राला. वर चढणाऱ्या पिलाची वाट याच्या उलटी. दवलेश्वरमला आर्थर कॉटन यांनी बांधलेला बंधारा १८५२ साली पुरा झाला. त्यानंतर या नदीवर भिंती वाढतच गेल्या. २०१९ साली सिरोंच्याजवळ मेडीगड्ड्याचे धरण झाले. इंद्रावतीचा संगम त्याच्या खालच्या अंगाला असल्याने बांडियाचे पाणी त्या भिंतीत अडत नाही, परंतु त्याखाली गोदावरीवर बंधारे आहेतच. धरणावर बोलताना सिंचन, वीज आणि विस्थापन यांचा हिशेब होतो, तो व्हायलाच हवा. नखाएवढ्या पिलाला शेकडो किलोमीटर वर चढायचे असते, हेही त्या हिशेबात यायला हवे असे मला वाटते.

खेकड्याची गोष्ट याहून निराळी. पावसाच्या पहिल्या सरींनंतर नाल्याकाठी आणि बांध्यांत बिळातून निघणारे खेकडे झाडीपट्टीत आवडीने खातात. निखाऱ्यावर भाजून किंवा ठेचून रस्सा करून. दख्खनभर आढळणारा मोठा खेकडा, बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस, १८३६ साली नोंदला गेला. नमुने जमवणारे कर्नल साइक्स हे मुंबई इलाख्यात सरकारसाठी आकडेवारी गोळा करणारे अधिकारी होते. गोड्या पाण्याच्या या खेकड्यांत पाण्यात तरंगणारी पिल्लावस्थाच नाही. अंड्यातून थेट टिकलीएवढा पुरा खेकडा बाहेर येतो आणि काही काळ आईच्या पोटावरच्या झडपेत राहतो. अशी भरलेली झडप उघडून पाहिलेल्या माणसाला ते दृश्य विसरता येत नाही.

खेकड्याबाबत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुप्फुसात जाऊन राहणाऱ्या चपट्या कृमीची पिले असू शकतात. मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेश या राज्यांत त्यांचा आजार आढळला आहे. खोकला आणि खाकऱ्यातून रक्त अशी लक्षणे असल्याने तो क्षयरोग समजला जातो आणि क्षयाची औषधे देऊनही रुग्ण बरा होत नाही. कृमी कच्च्या किंवा अर्धवट भाजलेल्या मांसातून शिरते, पूर्ण शिजवल्यावर मरते. निखाऱ्यावर टाकलेला खेकडा वरून लाल झाला म्हणून आतून शिजला असे नाही. मुलांना देण्याआधी हे पाहावे.

झिंग्याला स्वतःला जपायचे तर पाणी जपावे लागते. किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारे औषध कीटकांच्या या भावंडावरही तसाच घाला घालते. ज्या मात्रेत मासा तग धरतो तिच्यात झिंगा मरतो. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके यात सगळ्यात वाईट. म्हणून धानाच्या बांधीतून नाल्यात उतरणारे फवारणीचे पाणी आणि मासे मारायला नाल्यात ओतलेले विष यांचा पहिला बळी झिंगा असतो.

यावर हक्काने बोलण्याची जागा कायद्याने दिली आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात जंगलावर जगणाऱ्या समाजाला मासे आणि पाण्यातली इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत गडचिरोलीचेच मेंढा (लेखा) होते, २००९ साली. तेंदू आणि बांबूवर ग्रामसभांनी या हक्काने मोठे काम केले आहे. डोहांवर आणि नाल्यांवर त्याचा उपयोग करायला भरपूर वाव आहे. मेनच्या मच्छीमारांचा एक नियम इथे कामी येईल. अंडी असलेली लॉबस्टरची मादी सापळ्यात आली तर ते तिच्या शेपटीला एक खाच पाडतात आणि पाण्यात सोडतात. पुढे ती अंड्यांशिवाय सापडली तरी खाच दिसताच पुन्हा सोडावी लागते. इथल्या झिंग्याला खाच पाडता येणार नाही, तो तेवढा मोठा नाही. पण एखादा डोह पावसाळ्यापुरता बंद ठेवणे आणि अंड्यावरच्या माद्या परत टाकणे एवढे ग्रामसभेला ठरवता येते. मोजकी अंडी घालणाऱ्या जातीत एकेक मादी मोलाची असते, आणि तिला ओळखायला कसलेही साधन लागत नाही: उलटी धरली की अंडी दिसतात.