दुखणे आणि देणे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. कर्करोगाचे नाव त्यांच्या काळी घरोघरी पोहोचले नव्हते. नाहीतर त्यांनी या यादीत तिसरी गोष्टही घातली असती. दुखणे हत्तीच्या पायांनी येते आणि मुंगीच्या पायांनी जाते, हीसुद्धा त्यांचीच म्हण. कर्करोगाने ती उलटी केली आहे. हा रोग मुंगीच्या पायांनी येतो; हत्तीच्या पायांनी जातो तो घरातला पैसा.

हा पैसा जातो कोठे? शस्त्रक्रिया आणि औषधे यांचा खर्च सर्वांना दिसतो. न दिसणारा खर्च निराळाच. समजा, परभणीच्या एका शिक्षकाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात यावे लागले. १९४१ साली उघडलेल्या या रुग्णालयात गरिबांवर अल्प दरात उपचार होतात. पण किरणोपचार रोज काही मिनिटांचेच असले, तरी ते आठवड्यातून पाच दिवस, पुष्कळदा पाच-सहा आठवडे चालतात. तेवढे दिवस मुंबईत खोलीचे भाडे, दोन माणसांचे जेवण, टॅक्सी. तिकडे बिनपगारी रजा आणि मुले मामाकडे! रुग्णालयाच्या पावतीवर यांतले एकही कलम नसते. दादरची गाडगेमहाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना नाममात्र पैशांत आसरा देते. पण जागा मोजकी आणि येणारे अगणित. ज्यांना कोठेच थारा मिळत नाही, ते रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकतात.

औषधांच्या किमतींची कथाही ऐकण्याजोगी आहे. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर ‘ग्लिव्हेक’ नावाची गोळी रोज घ्यावी लागते. २०१३ च्या सुमारास तिचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा सुमारे ८ ते १० हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. २०१९ साली सरकारने ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. तात्पर्य, ‘याहून स्वस्त औषध आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही.

पण आपला मध्यमवर्गीय माणूस नेमका हाच प्रश्न विचारीत नाही. तो पत्नीच्या पाटल्या मोडील, प्रॉव्हिडंट फंड काढील, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम उचलील. पण रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचे दार ठोठावणार नाही. ‘ते गरिबांसाठी असते हो!’ असे तो म्हणतो, आणि वर्षभरात त्याच गरिबांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. वास्तविक महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा आणि तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ सालीच घेतला. उपचारांसाठीच्या रेल्वेप्रवासात शयनयान वर्गाचे भाडे कर्करुग्णाला माफ असते; सोबत्यालाही मोठी सवलत मिळते.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. न भरणारा तोंडातला व्रण किंवा स्तनातली गाठ दिसताच डॉक्टर गाठावा. लवकर सापडलेला रोग बरा होण्याची आशा अधिक आणि खर्चही बहुधा कमी. आणि निदान होताच, दागिन्यांच्या डब्याला हात लावण्यापूर्वी, समाजसेवा विभागात जाऊन सर्व परिस्थिती मोकळेपणाने सांगावी. अब्रू झाकण्यासाठी काढलेले कर्ज रोगी बरा झाल्यावरही घर सोडीत नाही.